कासवाला हात न लावता त्याच्या जंतांचा ऋतू कसा पाहावा

मृग निघाला की आमच्याकडं दोन गोष्टी रस्त्यावर येतात, खेकडे आणि कासवं. बांधावरून, ओढ्याच्या काठानं, कधी थेट डांबरीवरून निघालेलं कासव कुणीतरी मोबाइलवर टिपतं, आणि त्याच आठवड्यात एम.एस्सी.चं एखादं पोरगं दारात उभं राहतं. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो, त्यामुळं सगळी मला मामाच म्हणतात. "मामा, कासवांच्या जंतांवर प्रोजेक्ट करायचाय, ऋतूप्रमाणं. कासव कुठं गावंल?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. कासव नको, शंख हुडक, म्हणजे पाण्यातली गोगलगाय.

पोरांना वाटतं मामा कायद्याला भितात. भितोच, पण कारण तेवढंच नाही. कासवाच्या आतड्यातला वाढलेला जंत महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त जगतो. जुलैत सापडलेला जंत जुलैत आत शिरला असं कुणी सांगावं? तो गेल्या दिवाळीचाही असेल. उलट त्याच जंताची पिल्लं ज्या गोगलगायीत किंवा सायक्लोप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक जीवात वाढतात, त्यांचं आयुष्य थोडं. त्या या महिन्याची बातमी या महिन्यात देतात. ऋतू बघायचा असेल तर बातमी ताजी पाहिजे.

आधी कायदा

कोल्हापूरच्या पाण्यात सहज दिसणारं कासव म्हणजे फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठ गुळगुळीत, आणि मागचे पाय आत घेतले की त्यावर कातडी झडप मिटते, त्यावरून ओळखायचं. त्याशिवाय कडक पाठीचं काळं कासव, मेलानोकेलिस ट्रायजुगा. मोठ्या नद्यांत लीथचं मऊ पाठीचं कासव असतं, पण ते आता इतकं विरळ झालंय की 2022 मध्ये भारतानं मांडलेल्या प्रस्तावावरून त्याला साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली फ्लॅपशेल पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या अनुसूचीत, त्यातच. पकडणं, घरी आणून बादलीत ठेवणं, अंडी उचलणं, सगळं 'शिकार' या शब्दात येतं. संशोधनासाठी कलम 12 ची परवानगी मिळू शकते, पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. तो कागद हातात येईपर्यंत तुमचं एम.एस्सी. संपून लग्नही झालेलं असेल. रस्त्यावर गाडीखाली मेलेलं कासवसुद्धा उचलायचं नाही, तो सरकारी मालमत्तेचा भाग असतो. जागा आणि वेळ लिहून घ्या, लांबून फोटो काढा, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. राधानगरी-दाजीपूर अभयारण्याच्या हद्दीत असाल तर शंखालासुद्धा परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

एवढं पाळलं तर बाकीचं काम तुमचं.

कुठला जंत कुठल्या वाटेनं येतो

हे नीट समजल्याशिवाय तळ्यावर जाऊ नका. ऋतू जंताला नसतो, त्याच्या वाटेला असतो.

सगळ्यात मोठा गट पर्णकृमींचा, म्हणजे ट्रेमाटोड. कासवाच्या विष्ठेतून अंडं पाण्यात पडतं, त्यातून केसाळ पिल्लू निघतं आणि गोगलगाय गाठतं. गोगलगायीच्या आत एकाची शेकड्यांनी पिल्लं होतात आणि शेपटीवाली सर्केरिया बनून पाण्यात उतरतात. सर्केरिया जगते जेमतेम दिवस, दीड दिवस. तेवढ्यात तिला पुढचं घर गाठायचं असतं: बेडकाचं पिल्लू, मासा, दुसरी गोगलगाय, पाणकिडा. कासव ते खातं आणि फेरा पुरा होतो. फ्लॅपशेल तर काहीही खातं, शंख, बेडूक, मासे, पाणवनस्पती, त्यामुळं त्याला आमंत्रणं चहूकडून.

पर्णकृमींतच एक वेगळी जात रक्तात राहणारी, स्पायरॉर्किड. यांची सर्केरिया खाल्ली जाण्याची वाट बघत नाही, कातडीतून थेट आत घुसते. (मलेशियातल्या कासवांत सापडलेल्या अशाच एका रक्तकृमीला 2016 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून बराकट्रेमा ओबामाई असं नाव दिलं गेलं. नाव देणाऱ्याच्या लेखी तो मान होता. जंतांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला तसं वाटणं मला पटतं.)

मग लिसेमिसिया, हाही पर्णकृमींचाच नातलग. 1935 मध्ये या प्रजातीगटाला नाव मिळालं तेच मुळी आपल्या लिसेमिस कासवावरून. हा शंखातही राहतो आणि कासवातही, पण शंखात त्याची पिल्लावळ वाढत नाही. एक आत गेला तर एकच बाहेर. म्हणून हा पाण्यात कधी भराभर वाढलेला दिसत नाही.

गोलकृमींपैकी स्पायरॉक्सिस आणि सर्पिनेमा सायक्लोप्समार्गे येतात. सायक्लोप्स म्हणजे पाण्यात उड्या मारणारा, डोक्यावर एकच डोळा असलेला, टाचणीच्या डोक्याहून लहान जीव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'नारू' हा शब्द आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं की पायातून हातभर जंत निघायचा, तो याच सायक्लोप्समधून पोटात जायचा. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की उरलेल्या पाण्यात सायक्लोप्सची दाटी व्हायची, आणि नारूचा जोर त्याच दिवसांत. कासवाच्या गोलकृमींचं गणित बरंचसं याच धर्तीवर मांडता येतं.

फीतकृमी आणि काटेरी डोक्याचे कृमी यांनाही मधलं घर लागतं, बहुतेक वेळा बारीक कवचधारी जीवांचं. नवख्या माणसानं पहिल्या वर्षी यांच्या मागं लागू नये.

उरला तो मोनोजीनिया गटातला पॉलिस्टोम. कासवाच्या मूत्राशयात, तोंडात, घशात चिकटून राहतो. याला मधलं घर लागतच नाही, अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहत थेट दुसऱ्या कासवाकडं जातं. त्यामुळं कासवं जिथं दाटीनं राहतात तिथं हा फोफावतो. युरोपात पाळीव अमेरिकन कासवं लोकांनी तळ्यांत सोडली आणि त्यांचे पॉलिस्टोम तिथल्या स्थानिक कासवांत गेले, हे सिद्ध झालंय. घरातला लाल कानाचा स्लायडर कंटाळा आला म्हणून रंकाळ्यात सोडताना हे आठवावं.

कोल्हापूरचं वर्ष, पुस्तकातलं नव्हे

या विषयावरचे जुने, गाजलेले अभ्यास अमेरिकेतले. एश आणि गिबन्स यांनी 1967 मध्ये पेंटेड कासवांतल्या जंतांचं ऋतुमान मांडलं ते मिशिगनमध्ये, जिथं हिवाळ्यात तळं गोठतं आणि कासव बर्फाखाली निपचित पडतं. पोरं तोच तक्ता उचलतात: हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद. आपल्याकडं वसंत कुठून आणणार? आपलं कासव थंडीत थांबत नाही, थांबलंच तर एप्रिल-मेमध्ये आटत्या तळ्याच्या चिखलात गाडून घेऊन थांबतं. खाणं बंद, म्हणजे तोंडावाटे नवा जंत आत येणंही बंद.

त्यातही कोल्हापूरचं एक वेगळेपण आहे, ते म्हणजे बंधारे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' साऱ्या महाराष्ट्रात याच नावानं ओळखला जातो. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास खांबांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घालतात आणि वाहती नदी एका आठवड्यात साचलेलं तळं होते. पावसाच्या तोंडावर बरगे काढतात, नदी पुन्हा धावू लागते. गोगलगायीला साचलेलं, शेवाळलेलं पाणी आवडतं. म्हणजे नदीकाठच्या जंतांचं वर्ष पाटबंधारे खात्याच्या बरग्यांवर चालतं, असं म्हटलं तरी चालेल. वरच्या धरणातून उन्हाळाभर पाणी सोडतात, त्यामुळं बंधाऱ्यामागचं पाणी मेमध्येही आटत नाही. तळं मात्र आक्रसतं.

यातूनच अभ्यासाची आखणी सुचते. एक बंधारा घ्या, एक तळं घ्या. पाऊस तोच, ऊन तेच, पण एकीकडं पाणी धरून ठेवलेलं आणि दुसरीकडं आटणारं. दोन्हींकडच्या नोंदी वर्षभर शेजारी ठेवल्या की फरक दिसतोच.

ऋतू तीनच धरा. पावसाळा जून ते सप्टेंबर, हिवाळा ऑक्टोबर ते जानेवारी, उन्हाळा फेब्रुवारी ते मे. वहीत मात्र महिना लिहा आणि पाण्याचं तापमान लिहा. ऋतूंत नंतर कधीही वाटता येतं, महिने एकदा मिसळले की सुटत नाहीत.

जागा ठरवणं

शिंगणापूर किंवा राजाराम बंधाऱ्याच्या मागचा काठ, आणि कळंबा, राजाराम तलाव, रंकाळा यांपैकी एक, एवढं पुरे. तीनपेक्षा जास्त जागा घेऊ नका. उत्साहात पाच जागा ठरवणारी पोरं नोव्हेंबरमध्ये दोनवर येतात आणि मग तीन जागांचे अर्धवट आकडे हातात राहतात. तळ्यावर जायच्या आधी संबंधित कार्यालयात एक साधा अर्ज देऊन शिक्का घ्या. कुणी हटकलं तर कागद बोलतो.

काठाचा साधारण 20 मीटरचा पट्टा ठरवा, खूण म्हणून झाड किंवा पायरी धरा, आणि वर्षभर तोच पट्टा. रंकाळ्यावर केंदाळ (जलपर्णी) वाऱ्यानं या काठावरून त्या काठावर जातं आणि त्याच्या मुळ्यांना चिकटलेल्या गोगलगायीही त्याच्यासोबत. म्हणून त्या दिवशी केंदाळ कुठल्या काठाला होतं तेही लिहा.

पुरात जाऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी आली की त्या महिन्याच्या रकान्यात 'पूर, फेरी नाही' असं लिहायचं आणि घरी बसायचं. रिकामा रकाना हीसुद्धा नोंद आहे.

शंख गोळा करणं

सकाळी 7 ते 9. गमबूट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालूनच. हे फुकटचं सांगत नाही. पहिल्या वर्षी मी उघड्या हातांनी एका तळ्यात तासभर चाळणी फिरवली. संध्याकाळी मनगटं लाल, चार दिवस खाजवून झोप नाही. गुराढोरांच्या आणि पाखरांच्या रक्तकृमींची सर्केरिया माणसाच्या कातडीत घुसते, पुढं जगत नाही, पण पुरळ उठवून मरते. भातलावणीच्या चिखलात पायाला सुटणाऱ्या खाजेमागंही कधीकधी हीच असते.

मोठी पिठाची चाळणी बांबूला बांधली की झालं तुमचं जाळं. एका जागेवर 30 मिनिटं, एकच माणूस, दर महिन्याला तोच. दोघं आलटून पालटून केलंत तर आकडा पाण्याचा राहत नाही, ज्याचा हात चपळ त्याचा होतो.

चार शंख ओळखता आले की सुरुवातीला पुरे. चपटा, गुंडाळलेल्या चकतीसारखा, तपकिरी-तांबूस तो इंडोप्लॅनॉर्बिस. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, चुकून फुटला तर लाल थेंब येतो. पातळ, जवळजवळ पारदर्शक, टोकदार, मोठ्या तोंडाचा तो लिम्निया. गोल गरगरीत आणि तोंडाला झाकण असलेला बेलामिया, हा अंडी न घालता थेट पिल्लं देतो. आणि लांबट, स्क्रूसारखा मेलॅनॉइडिस. पहिल्या वर्षी सगळा जोर इंडोप्लॅनॉर्बिस आणि लिम्निया या दोघांवर ठेवा. कासवांच्या रक्तकृमींची सर्केरिया यांतल्या पहिल्यात सापडते, म्हणून तो जास्त महत्त्वाचा.

असंच एकदा बंधाऱ्यावर चाळणी घेऊन वाकलो होतो तर म्हशी धुणारे एक बाबा काठावरून बघत होते. "काय हुडकायलासा पाव्हणं?" शंख म्हटल्यावर हसले. मी चकतीसारखा शंख दाखवला, तर म्हणाले, "ह्यो व्हय? ह्यो तर म्हशी जितं बसत्यात तितंच असतोय. पल्याड एकबी न्हाई." त्यानंतर म्हशींच्या डुंबण्याची जागा हा माझ्या नकाशावरचा कायमचा रकाना झाला. त्या शंखातून गुरांचे रक्तकृमीही फिरतात, त्यांतला एक म्हशी-बैलांच्या नाकात राहतो आणि जनावर झोपेत घोरल्यासारखं घुरघुरतं. बाबांनी शंखाचा आणि म्हशीचा संबंध बरोबर जोडला होता, फक्त जंत मधे धरला नव्हता.

प्रत्येक जातीचे किमान 30, जमलं तर 60 शंख आणा. आकडा असाच का, ते हिशोबात सांगतो. ओल्या केंदाळात गुंडाळून डब्यात न्यायचे, पाण्यात बुडवून नाही, गरम पाण्यात ते वाटेतच मरतात.

डबीतली सकाळ

आता खरी गंमत. प्रत्येक शंख वेगळ्या डबीत. इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या किंवा औषधाचे पारदर्शक छोटे कप चालतात, 10 ते 15 मिलि पाणी. नळाचं पाणी असेल तर बादलीत 24 तास उघडं ठेवून मगच वापरा, नाहीतर क्लोरीननं सर्केरिया बाहेर येताच मरते आणि तुम्ही 'काही नाही' असं लिहून मोकळे होता. तळ्याचंच पाणी वापरू नका, त्यात आधीची सर्केरिया असू शकते.

मी पहिल्यांदा काय केलं सांगू? चाळीस शंख एकाच बरणीत ठेवले. सकाळी बरणीभर सर्केरिया वळवळत होत्या आणि कुठल्या शंखातून आल्या ते देवालाच ठाऊक. चाळीसपैकी एक बाधित की तीस, काहीच सांगता येईना. महिना वाया.

डब्या खिडकीशी ठेवा, उन्हात नव्हे. पाणी एवढंसं असतं, दहा मिनिटांत कोमट होतं. बऱ्याच सर्केरिया उजेड पडल्यावर निघतात, काही रात्री. म्हणून दोन तासांनी एकदा, संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा बघा.

बघायचं कसं तर डबीमागं काळा कागद धरा आणि बाजूनं टॉर्च मारा. आधी काहीच दिसत नाही. डोळा सरावला की पाण्यात धूळ तरंगतेय असं वाटतं. मग कळतं, धूळ खाली बसते, ही बसत नाही. एखादा कण झटका देऊन वर जातो, थांबतो, डोकं खाली करून हळूहळू बुडतो, पुन्हा झटका. चाळीस डब्यांत एका डबीत असा धुरळा दिसला की त्या दिवशी चहा घ्यायचं भान राहत नाही.

ड्रॉपरनं थेंब काचपट्टीवर घ्या. पोहणं थांबवायला आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब, त्यानं रंगही चढतो. मग चार प्रश्न विचारायचे. शेपटी एकेरी की टोकाला दुभंगलेली? डोळ्यांचे काळे ठिपके आहेत का? तोंडाशी सुईसारखा काटा आहे का? शरीराच्या पाठीवर पातळ पडद्यासारखी कड आहे का? शेपटी दुभंगलेली, डोळे आहेत आणि पाठीवर पडदी आहे, हे तिन्ही जुळलं तर ती कासवाच्या रक्तकृमीची असण्याची दाट शक्यता. गुरांच्या रक्तकृमींच्या सर्केरियाला डोळ्यांचे ठिपके नसतात. पाखरांच्या रक्तकृमींना डोळे असतात, म्हणून पडदी नीट बघायची.

पण जातीचं नाव लिहायची घाई करू नका. शंखातून निघणाऱ्या बहुतेक सर्केरिया पाखरांच्या, बेडकांच्या, गुरांच्या असतात. 'प्रकार क', 'प्रकार ख' असं लिहा, चित्र काढा, आणि थोड्या सर्केरिया 95 टक्के अल्कोहोलमध्ये जपून ठेवा. नाव डीएनए तपासणीतून पुढं कधीही लावता येतं. फॉर्मॅलिनमध्ये टाकलंत तर ती वाट जवळजवळ बंद.

काम झाल्यावर शंख ज्या काठावरून आणले त्याच काठाला परत. दुसऱ्या तळ्यात कधीच नाही.

सायक्लोप्ससाठी वेगळी फेरी नको. त्याच दिवशी 20 लिटर पाणी मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा, फडक्यावर राहिलेलं थोड्या पाण्यात झटका, आणि थेंबाथेंबानं सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सायक्लोप्सचं शरीर काचेसारखं असतं, आत वेटोळं करून बसलेली अळी असेल तर ती हलताना दिसते. शंभर सायक्लोप्स बघितलेत तरी एकही अळी मिळणार नाही असे महिने येतील. पण लिटरमागं सायक्लोप्स किती, हा आकडा दर महिन्याला मिळतो, आणि तळं आटताना तो कसा चढतो ते बघण्यासारखं असतं.

कासवाची विष्ठा, मिळालीच तर

वन विभागाच्या ताब्यात सुटका केलेली कासवं येतात. लेखी परवानगीनं त्यांच्या टबातली विष्ठा मिळू शकते. कासव हाताळणार कर्मचारी, तुम्ही फक्त टबाचं पाणी घ्यायचं. काठावरच्या चिखलातली विष्ठा उचलू नका, तीत मातीतले स्वैर गोलकृमी घुसतात आणि तुम्ही त्यांना कासवाचे समजून बसता.

तपासणी दोन पद्धतींनी करा, एकीवर भागत नाही. गोलकृमींची अंडी हलकी असतात. गरम पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घालून गार केलेलं द्रावण घ्या, त्यात दोन-तीन ग्रॅम विष्ठा कालवून चहाच्या गाळणीतून गाळा, परीक्षानळी काठोकाठ भरा, वर आच्छादन काच ठेवा आणि 20 मिनिटं थांबा. अंडी तरंगून काचेला चिकटतात. पर्णकृमींची अंडी जड, ती या मिठाच्या पाण्यात तळालाच राहतात. त्यांच्यासाठी साध्या पाण्यात कालवून 10 मिनिटं बसू द्यायचं, वरचं ओतायचं, पुन्हा पाणी. असं तीनदा. तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की पालापाचोळा निळा होतो आणि अंडी पिवळसर तपकिरी राहून उठून दिसतात.

मित्राच्या घरच्या स्लायडरची विष्ठा सरावाला उत्तम, ऋतू शिकायला बिनकामाची. काचेच्या टाकीत ना शंख, ना सायक्लोप्स, ना बरगे. तिथं पर्णकृमींची साखळी तुटलेली असते, टिकला तर पॉलिस्टोमसारखा थेट येणाराच. हात साबणानं धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा आजार करणारा जिवाणू असतो. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती याच कारणानं.

कधी वन विभागाच्या पशुवैद्यकांनी मेलेल्या कासवाची तपासणी करून जंत तुमच्या हवाली केले, तर जिवंत जंत थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, मुटकुळं होऊन बसतात. गोलकृमी गरम 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात. पर्णकृमी गरम मिठाच्या पाण्यात मारून मग अल्कोहोल. काटेरी डोक्याचे कृमी आधी साध्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवायचे, म्हणजे सोंड बाहेर येते. सोंडेवरचे काटे मोजल्याशिवाय त्याला नाव नाही.

वही आणि हिशोब

शब्द दोनच पक्के करा. शंभरातले किती बाधित, ते प्रादुर्भावाचं प्रमाण. बाधित प्राण्यांत सरासरी किती जंत, ती तीव्रता. हे दोन कधीही एकाच रकान्यात नकोत. कागदावरचं उदाहरण घ्या: 10 कासवं, त्यांतली 3 बाधित, त्यांत 2, 3 आणि 55 जंत. प्रमाण 30 टक्के. तीव्रता 60 भागिले 3, म्हणजे 20. पण 20 जंत असलेलं कासव त्यात एकही नाही! जंतांचं असंच असतं, थोड्यांच्या पोटात बहुतेक, बहुतेकांच्या पोटात थोडे. म्हणून सरासरीशेजारी मधला आकडा, इथं 3, लिहायचाच.

आता 30 आणि 60 चं. तीस शंख तपासले आणि एकही बाधित नाही, म्हणजे तळं स्वच्छ का? नाही. तीनला नमुन्याच्या संख्येनं भागा. 3 भागिले 30 म्हणजे 10 टक्के. म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत प्रादुर्भाव असूनही तुमच्या हाताला शून्य लागू शकतं. साठ शंखांत शून्य आलं तर ती हद्द 5 टक्क्यांवर येते. शून्याशेजारी किती तपासले ते लिहिलं नाही तर त्या शून्याला किंमत नाही.

एक सापळा मात्र सगळ्यांना अडकवतो. पाऊस पडला, सर्केरिया देणाऱ्या शंखांचं प्रमाण घसरलं, आणि पोरं लिहितात, "पावसाळ्यात जंत कमी." अरे, पावसात शंखांची नवी पिल्लं आली, ती अजून बाधित व्हायची आहेत. बाधित शंख तेवढेच, पण भागाकाराचा खालचा आकडा फुगला. म्हणून प्रत्येक शंखाची लांबी-रुंदी मोजा आणि लहान, मधले, मोठे असे वेगळे हिशोब करा. मोठ्यांतलं प्रमाणही घसरलं असेल तरच काही म्हणता येईल.

दुसरं, आज निघालेली सर्केरिया आजची नाही. शंखात पिल्लू शिरल्यापासून सर्केरिया निघायला साधारण महिना-दीड महिना जातो, पाणी गार असेल तर जास्त. म्हणून डिसेंबरच्या डबीतल्या धुरळ्याचं कारण ऑक्टोबरच्या पानावर शोधायचं: बरगे कधी घातले, केंदाळ कुठं होतं, म्हशी कुठं बसत होत्या.

पहिली फेरी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवा, बरगे घालायच्या आधी, नदी अजून वाहती असताना. त्या दिवशी चाळणीत फारसं काही येणार नाही. तरी अर्धा तास पूर्ण फिरवा आणि आकडा लिहा, पुढच्या अकरा पानांची तुलना त्याच पानाशी करायची आहे.